मोतीबिंदू शस्त्रक्रियेनंतर दिसणारी सावली

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता आरे-वारे येथे डोंगराच्या कडेने वर चढतो आणि डाव्या हाताला, खाली, दोन पुळणी व त्यापलीकडे अथांग समुद्र असे दृश्य उलगडते. दुपारच्या वेळी पाण्यावरून आणि वाळूवरून परतणारा प्रकाश येथे इतका प्रखर असतो की, निरोगी डोळ्यांनाही क्षणभर हात आडवा धरावा लागतो. आता अशी कल्पना करावी की, याच परिसरातील एक सत्तरीचे गृहस्थ डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढून घेऊन आठ दिवसांपूर्वी घरी परतले आहेत. समोरचे सारे त्यांना स्वच्छ दिसते. सुरूच्या बनातील झाडे एकेक करून मोजता येतात. मात्र डाव्या बाजूला, कानाच्या दिशेला, चंद्रकोरीच्या आकाराची एक काळसर सावली त्यांना सतत जाणवत राहते. कोणी तरी बाजूला येऊन उभे राहिले आहे असा भास होतो. वळून पाहावे तर तेथे कोणीही नसते.

रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा या गृहस्थांनी तक्त्यावरील शेवटची ओळ वाचून दाखविलेली असते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याची नोंद कार्डावर झालेली असते आणि ती नोंद खोटीही नसते. तरीही सावली आहे. घरी व शेजारी ती सांगितली की, ‘ऑपरेशन बिघडले’ असा निष्कर्ष चटकन निघतो. मग दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया लांबणीवर पडते. एवढेच नव्हे, तर वाडीतील ज्या चार वृद्धांनी शिबिरात नावे दिलेली असतात तीही हळूच मागे घेतली जातात.

याची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. एखाद्याला खरोखरीच डोळ्याच्या आतील पडदा सुटू लागल्याची सावली दिसत असते आणि त्याला सांगितले जाते, ‘तात्यांनाही अशीच सावली दिसत होती, दोन महिन्यांत गेली. थांबा थोडे.’ थांबण्यात डोळा जातो. म्हणजे एकाच तक्रारीबाबत घाबरणेही महागात पडते आणि स्वस्थ बसणेही. हा फरक नेत्रतज्ज्ञ जाणतात. परंतु तक्रार प्रथम ऐकली जाते ती घरात, शाळेच्या ओट्यावर, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. म्हणून तो तेथील मंडळींनाही ठाऊक असणे आवश्यक आहे.

जाड चष्म्याचा काळ

शस्त्रक्रियेनंतर दृष्टीच्या कडेला काही तरी विचित्र दिसणे ही नवी गोष्ट नव्हे. ज्यांना १९७० ते १९८० च्या सुमाराची नेत्रशिबिरे आठवतात, त्यांना जाड भिंगांचे चष्मेही आठवत असतील. त्या काळी मोतीबिंदू झालेले संपूर्ण नेत्रभिंग त्याच्या पिशवीसह काढून टाकले जाई आणि त्याची उणीव सुमारे दहा क्रमांकाच्या बहिर्गोल चष्म्याने भरून काढली जाई. या चष्म्यातून वस्तू सुमारे पाव पटीने मोठ्या व तितक्याच जवळ आल्यासारख्या दिसत. पायरीचा अंदाज चुके, चहा कपाऐवजी बशीत ओतला जाई. शिवाय भिंगाच्या कडेभोवती वलयाकार असा एक आंधळा पट्टा असे. रस्त्याने येणारा माणूस या पट्ट्यात नाहीसा होई आणि अकस्मात अगदी समोर प्रगट होई. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असल्यास दोन डोळ्यांच्या दोन आकारांच्या प्रतिमा एकत्र येत नसत. असे कितीतरी चष्मे कोनाड्यात पडून राहिले. शिबिराच्या अहवालात मात्र ती शस्त्रक्रिया यशस्वी म्हणूनच गणली गेली.

डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसविण्याची कल्पना लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील हॅरॉल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ रोजी प्रथम प्रत्यक्षात आणली. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताच्या पारदर्शक प्लॅस्टिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरले असता डोळा ते निमूटपणे सहन करतो, असे त्यांच्या पाहण्यात आले होते. आपल्याकडे ही भिंगे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचण्यास मात्र १९९० नंतरचे दशक उजाडावे लागले. मदुराई येथे १९९२ साली ऑरोलॅब या संस्थेत अल्प किमतीच्या भिंगांचे उत्पादन सुरू झाले आणि १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या साहाय्याने सात राज्यांत मोतीबिंदूजन्य अंधत्व नियंत्रणाचा प्रकल्प राबविण्यात आला. त्यात महाराष्ट्राचा समावेश होता. जाड चष्मा गेला, पायऱ्या जागेवर आल्या. कडेचा प्रश्न मात्र पूर्णपणे मिटला नाही. त्याने रूप बदलले.

सावली का पडते?

निसर्गाने दिलेले नेत्रभिंग साधारणपणे नऊ ते दहा मिलिमीटर रुंद आणि उतारवयात चार ते पाच मिलिमीटर जाड असते. बाहुलीच्या मागची जागा ते जवळजवळ भरून टाकते. त्याच्या जागी बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम भिंगाचा दृष्टीसाठी उपयोगी पडणारा भाग बहुधा सहा मिलिमीटर रुंद असतो आणि त्याची जाडी जेमतेम एक मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी भरते. साहजिकच नवे भिंग आणि बाहुली यांच्यामध्ये थोडी पोकळी राहते.

समोरून येणाऱ्या प्रकाशाला याने काहीच फरक पडत नाही. प्रश्न येतो तो कानाच्या बाजूने, अगदी तिरप्या दिशेने डोळ्यात शिरणाऱ्या किरणांचा. त्यांतील काही किरण भिंगाच्या कडेला लागून वळतात आणि दृष्टिपटलावर एका ठिकाणी पडतात. काही किरण भिंगाला न शिवता त्याच्या बाजूने निसटतात आणि दृष्टिपटलाच्या अधिक पुढच्या भागावर जाऊन पडतात. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा असा उरतो की, तेथे प्रकाश पोहोचतच नाही. हा पट्टा नाकाच्या बाजूच्या दृष्टिपटलावर असतो आणि डोळ्याच्या रचनेप्रमाणे तो आपल्याला विरुद्ध बाजूस, म्हणजे कानाकडे, दिसतो. अभ्यासकांनी दिलेल्या स्पष्टीकरणांपैकी हे सर्वांत अधिक मान्यता पावलेले आहे. पिशवीच्या पुढच्या पडद्याची कड भिंगावर येते तिचाही यात वाटा असावा, असे काही तज्ज्ञ मानतात.

सावली कानाच्याच बाजूला का, नाकाच्या का नाही, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. नाकाच्या बाजूने येणारे तिरपे किरण नाकच अडवून धरते. कानाच्या बाजूला मात्र आपली नजर सरळ रेषेपासून नव्वद अंशांपर्यंत, किंबहुना किंचित पलीकडेही, पोहोचते. या टोकाच्या भागाचे आणखी एक वैशिष्ट्य असे की, तो एकाच डोळ्याला दिसतो. डाव्या बाजूचे टोक उजव्या डोळ्याच्या आवाक्यात नसते. त्यामुळे एरवी एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा भरून काढतो, तशी येथे भरून निघत नाही. आरे-वारेच्या रस्त्याने उत्तरेकडे चालणाऱ्या आपल्या गृहस्थांचा डावा डोळा नेमका समुद्राच्या बाजूला आहे. प्रखर प्रकाशात बाहुली आकुंचन पावते आणि सावली अधिक ठळक होते. घरात माजघरातील मंद उजेडात तीच सावली त्यांना फारशी जाणवत नाही. डोळा उन्हात बिघडतो आणि सावलीत बरा होतो असे वाटण्याचे कारण हेच.

नेत्रवैद्यकात या प्रकाराला ‘निगेटिव्ह डिस्फोटॉप्सिया’ असे नाव आहे. अमेरिकेतील नेत्रशल्यविशारद जेम्स डेव्हिसन यांनी २००० साली या तक्रारीचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून तिच्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहिले जाऊ लागले. ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की, ही सावली निर्दोष शस्त्रक्रियेनंतर, भिंग अगदी योग्य जागी बसलेले असताना दिसते. तिच्यावरून शल्यविशारदाला दोष देणे उचित नव्हे. पण तक्त्यावरील शेवटची ओळ वाचता येते म्हणून रुग्णाची तक्रार काल्पनिक ठरविणे तितकेच अनुचित होय. तो तक्ता केवळ नजरेच्या मध्यबिंदूची परीक्षा घेतो. कडेला काय चालले आहे हे त्याला कळत नाही.

याच घटनेचा दुसरा प्रकार म्हणजे सावलीऐवजी उजेडाची कोर, रेघ किंवा लखलख दिसणे. दिव्याचा किंवा सूर्याचा तिरपा प्रकाश भिंगाच्या कडेवर आपटून आत परावर्तित होतो त्यामुळे असे घडते. भिंगाची कड चौकोनी व धारदार ठेवण्याची पद्धत रूढ झाली त्यामागे चांगला हेतू होता. तशा कडेमुळे पिशवीच्या मागच्या पडद्यावर पेशी सरकत नाहीत आणि तो पडदा धूसर होण्याचे प्रमाण घटते. एक लाभ पदरात घेताना ही लखलख सोबत आली. बहुकेंद्री भिंग बसविलेल्यांना रात्री दिव्यांभोवती वलये दिसतात, हेही येथे नमूद करावयास हवे. घाटरस्त्यावर रात्री वाहन चालविणाऱ्यांनी असे भिंग निवडण्यापूर्वी आपला व्यवसाय डॉक्टरांना अवश्य सांगावा.

रंगही बदललेले वाटतात. पिकलेले नेत्रभिंग पिवळट असते व निळा प्रकाश अडविते. ते दूर होताच जग काही आठवडे निळसर भासते. शस्त्रक्रिया झालेला डोळा व न झालेला डोळा आळीपाळीने झाकून समुद्राकडे पाहिल्यास हा भेद कोणालाही कळेल. प्रसिद्ध फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्यावर १९२३ साली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ते या रंगबदलाने इतके त्रस्त झाले की, त्यांना रंगीत काचांचे चष्मे वापरावे लागले. यात काळजीचे कारण नसते.

मेंदूची सवय

ही सावली बहुतेकांच्या बाबतीत नाहीशी होते, किंवा असूनही जाणवेनाशी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सुमारे १५ टक्के रुग्णांनी अशी सावली असल्याचे सांगितले. वर्षभरानंतर हे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांवर आले. काहींच्या डोळ्यातील पिशवीचा पडदा काळानुसार किंचित अपारदर्शक होतो आणि त्यातून पसरणारा प्रकाश अंधाऱ्या पट्ट्यावर पोहोचतो. परंतु मोठा वाटा मेंदूचा असतो. कडेच्या अशा स्थिर खुणेकडे तो दुर्लक्ष करण्यास शिकतो.

मेंदू असे करू शकतो, याची प्रचिती शिक्षकांना वर्गात पाच मिनिटांत देता येईल. कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे आठ सेंटिमीटर अंतरावर एक ठसठशीत काळा ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे टक लावावी आणि कागद हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणावा. डोळ्यापासून सुमारे तीस सेंटिमीटरवर ठिपका एकाएकी दिसेनासा होतो. दृष्टीचा मज्जातंतू जेथून डोळ्याबाहेर पडतो तेथे प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू प्रत्येकाला जन्मापासून असतो, पण कोणालाही तेथे काळे भोक दिसत नाही. मेंदू भोवतालचा रंग त्या जागी भरून टाकतो. विद्यार्थ्यांना हा प्रयोग दाखविला, तर घरी आजी-आजोबांच्या सावलीविषयी ते अधिक समजूतदारपणे बोलतील.

तोवर काय करावे? पहिले काही महिने थांबणे हाच मुख्य उपाय. चष्मा लागणार असेल तर जाड, रुंद काड्यांची चौकट घ्यावी. काडीने कानाच्या बाजूचा तिरपा प्रकाश अडतो आणि सावली फिकी पडते. सहा महिने उलटूनही त्रास दैनंदिन कामाच्या आड येत असेल, तर पहिल्या भिंगाच्या पुढे दुसरे भिंग बसविणे, भिंग पिशवीच्या तोंडावर पुढे आणणे किंवा ते बदलणे असे मार्ग तज्ज्ञांजवळ आहेत. ते थोड्यांनाच लागतात. मात्र ज्यांना पुढे भिंग बदलावे लागण्याचा संभव आहे, त्यांनी पिशवीच्या पडद्यावर लेसर किरणांचा उपचार घाईने करून घेऊ नये. पडद्याला एकदा छिद्र पडले म्हणजे भिंग बदलणे जिकिरीचे होते.

धोक्याची सावली

आतापर्यंत जिचे वर्णन केले त्या निरुपद्रवी सावलीची ओळख अशी सांगता येईल: ती पट्टी सुटल्यापासून, म्हणजे पहिल्या एक-दोन दिवसांपासून असते. ती कानाच्या बाजूलाच असते, कोरीसारखी असते, रोज त्याच जागी असते आणि वाढत नाही. कपाळाच्या कडेला, कानाच्या बाजूने हाताचा आडोसा धरला तर ती पुष्कळदा कमी होते किंवा जाते.

याउलट, आठवड्यांनी, महिन्यांनी किंवा काही वर्षांनी अकस्मात आलेली सावली पूर्णपणे वेगळी समजावी. ती वरून, खालून किंवा नाकाच्या बाजूनेही पडदा ओढल्यासारखी पुढे सरकते. सकाळी कडेला असलेली संध्याकाळी मध्याजवळ येते. हाताच्या आडोशाने तिच्यात फरक पडत नाही. तिच्या आधी बहुधा विजेसारख्या रेषा चमकतात आणि काळे ठिपके, कोळ्याची जाळी, काजळीचे कण एकाएकी मोठ्या संख्येने तरंगू लागतात. एखादा-दुसरा जुना ठिपका तरंगणे वयोमानानुसार होतच असते, त्याची गोष्ट निराळी. परंतु हे सारे एकदम सुरू झाले तर दृष्टिपटल फाटले किंवा सुटू लागले असण्याची शक्यता असते. शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांत एकाहूनही कमी जणांना हा प्रसंग येतो, पण ज्यांना लहानपणापासून मोठा ऋण क्रमांक आहे त्यांना त्याचा धोका अधिक आणि तो वर्षानुवर्षे राहतो. नजरेचा मध्यबिंदू सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी बहुधा वाचते, नंतर झाल्यास ती पूर्ववत होण्याची खात्री राहत नाही. म्हणून दुसऱ्या दिवसाच्या बाह्यरुग्ण विभागाची वाट न पाहता त्याच दिवशी जिल्हा शासकीय रुग्णालय गाठावे आणि तेथून सांगतील तर कोल्हापूर किंवा मुंबईला जाण्यासही विलंब करू नये. वेदना नसते, हीच यातील फसवणूक. दुखत नाही म्हणून माणूस गणपती होईपर्यंत, मुलगा मुंबईहून येईपर्यंत थांबतो.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत डोळा दुखू लागणे, लाल होणे आणि दिसणे कमी होत जाणे हे जंतुसंसर्गाचे लक्षण आहे. हा प्रकार विरळा, पण तासांचा हिशेब करावा इतका तातडीचा आहे. घरगुती औषध, मध, दुधाचे थेंब यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. अशा संसर्गाचे कटू अनुभव आल्यामुळेच राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार शिबिरात केवळ तपासणी व निवड होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच केली जाते. शाळेच्या वर्गखोल्यांत शस्त्रक्रिया करण्याचे दिवस आता गेले.

सुमारे महिना-दीड महिन्यानंतर दाराची चौकट किंवा खिडकीचे गज वाकडे दिसू लागले, मधोमध डाग आला, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज असू शकते. ती बहुधा थेंबांच्या औषधाने ओसरते. आणि काही महिन्यांनी वा वर्षांनी सारेच हळूहळू धुरकट होऊ लागले, तर ‘मोतीबिंदू पुन्हा आला’ असे म्हटले जाते. मोतीबिंदू पुन्हा येत नाही. भिंगामागचा पडदा धूसर झालेला असतो आणि लेसरने तो काही मिनिटांत, टाका न घालता, मोकळा करता येतो.

गावपातळीवर

२०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीवरील अंधांपैकी ६६.२ टक्के व्यक्तींच्या अंधत्वाचे कारण उपचार न झालेला मोतीबिंदू हे असल्याचे आढळून आले. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्याला इतकी वर्षे लोटल्यानंतरचा हा आकडा आहे. शस्त्रक्रियेची सोय वाढली, पण तिच्याकडे येणारी पावले अडखळतात. मोतीबिंदू पूर्ण पिकल्याखेरीज काढू नये, पावसाळ्यात काढू नये, या समजुतींना आता वैद्यकीय आधार उरलेला नाही. त्यांत सावलीच्या भीतीची भर पडू देणे परवडणारे नाही.

शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णास व घरच्यांस ‘काही दिवस कडेला सावली दिसण्याचा संभव आहे’ असे सांगून ठेवले, तर अर्धी भीती तेथेच संपते. शिबिराच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या सभागृहात हे काम नेत्रचिकित्सा अधिकारी किंवा आरोग्य सेविका सहज करू शकतील. त्यानंतर आशा कार्यकर्तीने घरभेटीत ‘दिसते ना?’ एवढेच विचारून भागत नाही. एकेक डोळा झाकून काय दिसते, कोठे दिसते, केव्हापासून, हे विचारावे. दोन्ही डोळे उघडे असताना कित्येकांना बिघाड कोणत्या डोळ्यात आहे हेच कळत नसते.

रुग्णाचे म्हणणे लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी आपल्या धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार करविले आणि चाळीसहून अधिक रुग्णांची टिपणे डोळ्यांच्या चित्रांसह तयार करवून घेतली. ती तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन करण्यात आली. दोनशे वर्षांपूर्वी जे राजवाड्यात झाले ते आज प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत होण्यास एक रकाना पुरेल.

सावलीची तक्रार, ती कितीही निरुपद्रवी वाटली तरी, एकदा बाहुली मोठी करणारे औषध घालून तपासून घ्यावीच. घरी ओळखलेली लक्षणे केवळ घाई किती करावयाची हे ठरविण्यासाठी आहेत. तपासणीस जाताना घरी आल्यावर दिलेले कार्ड जवळ ठेवावे. त्यावर शस्त्रक्रियेचा दिनांक, डोळा व बसविलेल्या भिंगाचा प्रकार आणि क्रमांक यांची चिठ्ठी चिकटविलेली असते. पुढे भिंगाबाबत काही निर्णय घ्यावयाचा झाल्यास तिचा उपयोग होतो. बाहुली मोठी केल्यावर चार-सहा तास जवळचे नीट दिसत नाही आणि ऊन सहन होत नाही, म्हणून सोबत एक माणूस आणि काळा चष्मा असावा. आरे-वारेच्या चढावर परतीच्या वेळी, समुद्राकडून येणाऱ्या त्या उजेडात, दोहोंचीही गरज भासेल.